पोर्तुगीज पासपोर्टवर नेदरलँड्सच्या सरकारी विद्यापीठात प्रवेश: अर्जापासून पहिल्या वर्षापर्यंत

गोव्यातून फोन येतो तेव्हा प्रश्न बहुतेक ठरलेला असतो. "पोराचा पोर्तुगीज पासपोर्ट झालाय. आता युरोपात शिक्षण फुकट ना?"

फुकट नाही. पण फरक मोठा आहे. नेदरलँड्सच्या सरकारी विद्यापीठात २०२५-२६ या वर्षाची कायद्याने ठरलेली फी २,६०१ युरो होती. त्याच वर्गातल्या भारतीय पासपोर्टवाल्या मुलाला दहा हजारांपासून वीस हजारांच्या वरपर्यंत काहीही भरावं लागतं. व्हिसा नाही, बँकेत पैसे दाखवायची कटकट नाही, पार्टटाइम कामाला तासांची मर्यादा नाही. पासपोर्टचा फायदा एवढा, आणि तो कमी नाही.

गोंधळ होतो तो पुढे. घरच्यांना वाटतं, पासपोर्टने सगळीच दारं उघडली. प्रत्यक्षात पासपोर्ट फक्त फी ठरवतो. प्रवेश मिळेल की नाही हे बारावीचं सर्टिफिकेट ठरवतं. आरोग्य विमा, सरकारी मदत वगैरे बाकीचं सगळं तुम्ही आजवर कुठे राहिलात यावर ठरतं. गोव्यात जन्मलेल्या, गोवा बोर्डातून बारावी झालेल्या आणि पणजीचा पत्ता असलेल्या मुलाकडे यातलं एकच युरोपियन असतं. अर्जाच्या प्रत्येक पायरीवर आपण यातल्या कशाबद्दल बोलतोय, हे आधी स्वतःला विचारायचं.

हा लेख मुख्यतः अशा घरांसाठी आहे, जिथे आजी-आजोबांचा किंवा आईवडिलांचा जन्म १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोवा, दमण किंवा दीवमध्ये झाला आणि त्याची नोंद लिस्बनला करून पुढच्या पिढीने पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं. ब्रिटनमध्ये स्विंडन-साउथहॉलला वाढलेल्या मुलांनाही यातलं बरंच लागू पडेल. आमस्टेलवेन किंवा आइंडहोव्हनमध्ये राहून डच नागरिक झालेल्या मराठी घरांना अर्धं आधीच माहीत असेल.

नेदरलँड्सच का

कारण इथे फीसाठी नुसता पासपोर्ट पुरतो. तुम्ही युरोपात राहिलात की नाही, हे कोणी विचारत नाही. इतर देशांत तसं नाही, आणि तिथेच लोक फसतात.

आयर्लंड इंग्रजी बोलणारा, म्हणून पहिली नजर तिकडे जाते. पण तिथल्या फी-माफी योजनेला नागरिकत्वाबरोबर राहण्याचीही अट आहे: आधीच्या पाच वर्षांतली किमान तीन वर्षं युरोपियन आर्थिक क्षेत्रात, स्वित्झर्लंडमध्ये किंवा ब्रिटनमध्ये काढलेली हवीत. म्हापशातून थेट डब्लिनला गेलेल्याला ती योजना नाही. स्विंडनमध्ये शाळा केलेल्याला मात्र मिळू शकते. तिथे अर्ज सीएओ या केंद्रीय अर्ज-संस्थेमार्फत होतो आणि नेहमीची मुदत १ फेब्रुवारी असते.

ब्रिटनचा विषय ब्रेक्झिटने संपवला. १ ऑगस्ट २०२१ पासून इंग्लंडमध्ये नव्याने येणाऱ्या ईयू विद्यार्थ्याला आंतरराष्ट्रीय फी लागते. ज्यांच्याकडे सेटल्ड स्टेटस, म्हणजे तिथे कायम राहण्याचा हक्क, आहे आणि जे आधीपासून तिथे राहतात, त्यांची गोष्ट वेगळी.

जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी कोणालाच नाही. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात बिगर-ईयू विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो पडतात, तेवढे तुमचे वाचतात. पण नुसत्या आपल्या बारावीवर पदवीला थेट प्रवेश सहसा मिळत नाही. आधी भारतात कॉलेजचं एखादं वर्ष करावं लागतं किंवा तिथलं तयारीचं वर्ष. शिवाय पदवीचे बहुतेक अभ्यासक्रम जर्मन भाषेत. मास्टर्सला जाणाऱ्यासाठी जर्मनी उत्तम, बारावीनंतर अवघड.

आणि खुद्द पोर्तुगाल? इथे गंमत आहे. तिथे परदेशी मुलांसाठी 'आंतरराष्ट्रीय विद्यार्थी' नावाचा सोपा वेगळा रस्ता आहे, पण तो ईयू नागरिकांसाठी नाहीच. तुम्ही पोर्तुगीज, म्हणजे लिस्बनच्या मुलाच्याच रांगेत उभं राहायचं: राष्ट्रीय प्रवेशप्रक्रिया, प्रवेशपरीक्षा किंवा त्यांच्या बदली परदेशी परीक्षेचे गुण आणि पोर्तुगीज भाषा. देशाबाहेर राहणारे पोर्तुगीज आणि त्यांच्या वंशजांसाठी राखीव जागा असतात, त्या जरूर पाहाव्यात. फी अगदीच कमी आहे. २०२०-२१ पासून अनेक वर्षं पदवीची कमाल फी वर्षाला ६९७ युरो होती. भाषा येत असेल तर तिकडेच जा, हे मी कोणालाही सांगेन. येत नसेल तर पुढे वाचा.

पासपोर्ट हातात हवा

'फाइल लिस्बनला आहे, लवकरच होईल' हे विद्यापीठाला सांगून उपयोग नाही. आईचा किंवा वडिलांचा पोर्तुगीज पासपोर्ट दाखवूनही गोव्यात बसलेल्या मुलाची फी कमी होत नाही. मुलाच्या स्वतःच्या नावाचा, मुदत न संपलेला पासपोर्ट किंवा ओळखपत्र लागतं. काम अर्धवट असेल तर एक वर्ष थांबा. बिगर-ईयू म्हणून प्रवेश घेऊन मागाहून फी बदलून घेऊ, असा बेत आखू नका.

दुसरी बाजूही घरात नीट बोलून घ्या. भारताला दुहेरी नागरिकत्व मान्य नाही. पोर्तुगीज पासपोर्ट घेतला की भारतीय पासपोर्ट परत करायचा आणि भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड करायचं. पोरगा सुट्टीत चतुर्थीला घरी येणार असेल तर ओसीआयचं काम निघण्याआधीच उरकलेलं बरं.

आता नाव. आपल्याकडच्या अर्जांत सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. पोर्तुगीज काळातल्या नोंदींत आडनावं पोर्तुगीज वळणाने लिहिलेली आहेत. शिरोडकर 'एसएच'ऐवजी 'एक्स'ने सुरू होतात. नाईकांच्या शेवटी 'के' नसतो, 'क्यूयूई' असतं. कामतांचं 'कामोतीम' होतं, प्रभूंचं 'पोरोब'. लिस्बनच्या नोंदीत तेच स्पेलिंग उतरतं आणि पासपोर्टवर छापलं जातं. इकडे शाळेच्या दाखल्यापासून बारावीच्या मार्कशीटपर्यंत आपलं नेहमीचं इंग्रजी स्पेलिंग. प्रवेश-कार्यालयातल्या माणसाला ही दोन वेगळी माणसं वाटतात, आणि त्यात त्याची चूक नाही.

उपाय असा: अर्जात सगळीकडे पासपोर्टवरचंच नाव टाकायचं, अक्षर अन् अक्षर. मार्कशीटवरचं नाव वेगळं असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं नोटरीसमोर केलेलं इंग्रजी प्रतिज्ञापत्र जोडायचं, सोबत एका पानाचं साधं स्पष्टीकरण. शाळेकडून किंवा बोर्डाकडून नाव बदलून घेता आलं तर सोन्याहून पिवळं, पण त्याला वेळ लागतो. बारावीच्या आधीच हालचाल करावी.

नावाबरोबर जन्माच्या दाखल्याचंही पाहून ठेवा. नेदरलँड्समध्ये पोचल्यावर नगरपालिका जन्माचा दाखला मागू शकते. भारतीय दाखला द्यायचा तर त्यावर अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारं सरकारी प्रमाणीकरण, लागतं. पण तुमचा जन्म लिस्बनच्या नोंदवहीत नोंदलेला आहे! ईयूच्या २०१६/११९१ क्रमांकाच्या नियमानुसार, जो फेब्रुवारी २०१९ पासून लागू आहे, एका सदस्य देशाने दिलेल्या जन्मदाखल्यावर दुसऱ्या सदस्य देशात अपोस्टिल मागता येत नाही. दाखल्यासोबत बहुभाषिक फॉर्म मिळतो, म्हणजे भाषांतरही सहसा लागत नाही. पोर्तुगालहून तो दाखला बहुभाषिक फॉर्मसह मागवून ठेवा. एजंट लोक अपोस्टिलचे पैसे आनंदाने घेतात, हे मात्र सांगत नाहीत.

दोन प्रकारची विद्यापीठं

नेदरलँड्समध्ये उच्च शिक्षणाच्या दोन वाटा आहेत. एक संशोधन विद्यापीठं, ज्यांना इथे डब्ल्यूओ म्हणतात: १५७५ मध्ये स्थापन झालेलं लायडन, उट्रेख्त, ग्रोनिंगन, अ‍ॅमस्टरडॅमची दोन, डेल्फ्ट, आइंडहोव्हन, वागेनिंगन वगैरे. पदवी तीन वर्षांची. दुसरी वाट एचबीओ, म्हणजे उपयोजित विज्ञानाची विद्यापीठं: फाँटिस, हान्झे, सॅक्सियन, द हेगचं. पदवी चार वर्षांची, इंटर्नशिपसकट, हाताने काम शिकवण्यावर भर. सरकारी फी दोन्हीकडे तीच.

आपल्या लोकांचा कल डोळे मिटून डब्ल्यूओकडे असतो, कारण नाव मोठं. मला ते पटत नाही. ज्याला लॉजिस्टिक्स, हॉटेल मॅनेजमेंट, गेम डिझाइन, नर्सिंग असं काही करायचंय, त्याने एचबीओच बघावं. आणि गोवा किंवा महाराष्ट्र बोर्डाच्या बारावीला तिथे सहसा कमी अडचण येते.

भाषेकडे लक्ष द्या. पदवीचे इंग्रजी अभ्यासक्रम भरपूर असले तरी सगळे इंग्रजीत नाहीत. डॉक्टरकीची पदवी मुळात डचमध्ये शिकायची असते. मेडिकलसाठी नेदरलँड्स असा विचार असेल तर आधी डच शिका किंवा विचार बदला.

बारावीचं काय होतं

प्रवेश-कार्यालय तुमचा दाखला डच शाळेच्या सर्टिफिकेटशी ताडून बघतं. डब्ल्यूओला त्यांच्या सहा वर्षांच्या 'व्हीडब्ल्यूओ'इतकी पातळी लागते. भारतीय बारावीबाबत प्रत्येक विद्यापीठाचं धोरण वेगळं आहे: कुठे सीबीएसई आणि आयएससी थेट चालतात पण राज्य बोर्डाला अट घालतात, कुठे ठरावीक टक्क्यांची रेषा असते, कुठे भारतात पदवीचं पहिलं वर्ष किंवा एचबीओचं पहिलं वर्ष पूर्ण करून या म्हणतात. प्रत्येक विद्यापीठाच्या साइटवर देशवार यादी असते. तिथे 'भारत' उघडायचं, 'पोर्तुगाल' नाही. पोर्तुगीज पासपोर्ट आहे म्हणून पोर्तुगालच्या अटी वाचून निश्चिंत झालेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्या अटी तिथे नव्हत्याच.

ब्रिटनमध्ये ए-लेव्हल्स, म्हणजे तिथल्या शालान्त परीक्षा, केलेल्यांनी अर्थातच 'युनायटेड किंग्डम' उघडायचं. डब्ल्यूओला बहुधा तीन ए-लेव्हल्स मागतात.

बोर्डाइतकंच गणित आडवं येतं. इंजिनिअरिंग सोडाच, अर्थशास्त्र, बिझनेस आणि कित्येकदा मानसशास्त्रालाही बारावीपर्यंतचं गणित मागतात. कॉमर्सला गणित सोडलेल्यांची इथे पंचाईत होते. यावर तोडगा आहे: सीसीव्हीएक्स नावाची संस्था गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र वगैरेंच्या परीक्षा घेते आणि डच विद्यापीठं त्या गुणांवर उणीव भरून काढू देतात. कोणता पेपर हवा, गणित ए की बी, हे विद्यापीठाकडून लेखी विचारून घ्या. दोन्हींचा अभ्यासक्रम वेगळा आहे.

इंग्रजीची परीक्षा: आयईएलटीएस ६ किंवा ६.५, काही ठिकाणी प्रत्येक भागाची वेगळी किमान रेषा. शाळा इंग्रजी माध्यमाची होती म्हणून सूट मिळेलच असं धरू नका.

पदवी झालेल्यांसाठी इथेच सांगते. तीन वर्षांच्या बीए-बीकॉमवर काही विद्यापीठं थेट मास्टर्सला घेतात, काही आधी प्री-मास्टर, म्हणजे पूर्वतयारीचा अभ्यासक्रम, करायला लावतात. फीचा नियम असा की नेदरलँड्समध्ये १९९१ नंतर त्याच पातळीची पदवी घेतलेली नसावी. भारतातल्या पदवीने तुमची सवलत जात नाही. पणजीतून एमए केलं असेल तरी इथल्या पहिल्या मास्टर्सला सरकारी फीच लागते.

स्टुडीलिंक

सगळ्या सरकारी विद्यापीठांसाठी अर्जाचं एकच पोर्टल आहे, स्टुडीलिंक. ते स्वतः फुकट आहे. पुढच्या सप्टेंबरसाठीचे अर्ज १ ऑक्टोबरला सुरू होतात.

खातं उघडताना पोर्टल आधी डिजिडीने लॉगिन करायला सांगतं. डिजिडी ही इथे राहणाऱ्यांची सरकारी डिजिटल ओळख. ती तुमच्याकडे नसणार. डिजिडी नसलेल्यांचा पर्याय निवडून ईमेल आणि पासवर्डने खातं करा. ईमेल मुलाचा स्वतःचा द्या. मामाचा नाही, सायबर कॅफेवाल्याचा तर नाहीच. पुढची चार वर्षं सगळी पत्रं त्यावर येणार.

मग पोर्टल एकेक गोष्ट विचारत जातं. नाव आणि जन्मतारीख पासपोर्टप्रमाणे. राष्ट्रीयत्व: पोर्तुगीज. पत्ता: जिथे खरोखर राहता तो, म्हणजे भारतातला. लिस्बनमधल्या ओळखीच्या माणसाचा पत्ता टाकायचा मोह होतो, कारण त्याने आपण जास्त युरोपियन दिसू असं वाटतं. फीसाठी त्याची गरज नाही, आणि पुढे कागद जुळले नाहीत की उगाच प्रश्न उभे राहतात. आधीचं शिक्षण या भागात परदेशी डिप्लोमा निवडा आणि देश भारत टाका. म्हणजे एकाच अर्जात राष्ट्रीयत्व पोर्तुगीज आणि डिप्लोमा भारतीय. हे विचित्र दिसलं तरी बरोबर आहे.

शेवटी विद्यापीठ, अभ्यासक्रम आणि सुरुवातीचं वर्ष निवडून अर्ज पाठवायचा. एका वेळी जास्तीत जास्त चार अभ्यासक्रम, त्यातले मर्यादित जागांचे जास्तीत जास्त दोन.

अर्ज पाठवला म्हणजे काम संपलं, असा समज करून घेऊन बरेच जण इथेच थांबतात. खरं काम आता सुरू होतं. एक-दोन दिवसांत विद्यापीठाकडून त्यांच्या स्वतःच्या पोर्टलची लिंक येते. मार्कशीट, पासपोर्ट, इंग्रजीचे गुण, प्रेरणापत्र, अभ्यासक्रमाचं वर्णन, सगळं तिथे चढवायचं असतं. मेल स्पॅममध्ये गेला आणि मुदत उलटली तर कोणी फोन करून आठवण करत नाही. परदेशी डिप्लोमा तपासण्यासाठी काही विद्यापीठं सुमारे १०० युरो घेतात. चार ठिकाणी अर्ज करण्याआधी हेही बघा.

प्रेरणापत्राबद्दल थोडं. आपल्याकडची पत्रं 'लहानपणापासून माझं स्वप्न होतं' ने सुरू होतात आणि विद्यापीठाच्या स्तुतीत संपतात. डच माणसाला स्तुतीचा कंटाळा आहे. त्याला कळायला हवं की तुम्ही अभ्यासक्रम वाचलाय. दुसऱ्या वर्षातला अमुक विषय मला का हवा, खाणबंदीच्या काळात डिचोलीत मी काय बघितलं आणि त्याचा पर्यावरणशास्त्राशी काय संबंध, असं लिहिलेलं पत्र नजरेत भरतं. आणि एक पानात आटपा.

तारखा

मर्यादित जागांच्या अभ्यासक्रमांना नुमेरुस फिक्सुस म्हणतात. डेल्फ्टचं एरोस्पेस इंजिनिअरिंग त्यातलं प्रसिद्ध, जागा ४४०. यांची मुदत १५ जानेवारी, रात्री ११:५९, नेदरलँड्सच्या घड्याळाने. त्यानंतर परीक्षा किंवा प्रश्नावलीतून निवड होते आणि १५ एप्रिलला क्रमांक कळतो. जागा मिळाली तर दोन आठवड्यांत स्टुडीलिंकवर स्वीकारावी लागते. नाही स्वीकारली तर ती आपोआप पुढच्याला जाते. ऐन एप्रिलमध्ये सीईटीच्या धावपळीत कित्येकांचं पोर्टल उघडायचंच राहतं.

बाकीच्या अभ्यासक्रमांना ईयू विद्यार्थ्यांसाठी साधारण १ मे, बिगर-ईयूसाठी १ एप्रिल किंवा त्याआधी. पण काही विद्यापीठांत ही विभागणी पासपोर्टवरून होते आणि काहींत डिप्लोमावरून. तुम्ही बरोबर मधे अडकलेले. म्हणून दोन्हींतली आधीची तारीख आपली समजा आणि डिसेंबरमध्येच अर्ज करून मोकळे व्हा. बारावीचा निकाल नंतर लागला तरी हरकत नाही. अकरावीचे गुण आणि शाळेचा दाखला यांवर सशर्त प्रवेश मिळतो, निकालाची प्रत नंतर द्यायची.

पैशांचं गणित

फी कमी असली तरी राहणं स्वस्त नाही. खोली, जेवण, विमा, सायकल धरून महिन्याला १,००० ते १,५०० युरो लागतात. अ‍ॅमस्टरडॅममध्ये वरचा आकडा, ग्रोनिंगन किंवा एन्स्खेडेला खालचा. म्हणजे फी हा वर्षाच्या खर्चातला लहान भाग आहे. बँकेत पैसे दाखवायची सक्ती तुम्हाला नाही, याचा अर्थ पैसे लागत नाहीत असा घेऊ नका. पहिल्या सहा महिन्यांची तजवीज करूनच निघा.

फी हप्त्यांनी भरता येते. डुओ ही सरकारी संस्था ईयू विद्यार्थ्याला फीपुरतं कर्जही देते, त्यासाठी काम करण्याची अट नाही. मासिक अनुदान आणि मोफत प्रवासाचं कार्ड हे वेगळं प्रकरण: ते मिळण्यासाठी एक तर पाच वर्षं इथे कायदेशीर राहिलेलं असावं लागतं किंवा दर महिन्याला ठरावीक तास नोकरी करावी लागते. तासांची ही रेषा गेल्या काही वर्षांत बदलत आली आहे. त्यामुळे कोणाच्या दादाने सांगितलेला आकडा धरून चालू नका, अर्ज करताना डुओच्या साइटवरचा धरा. सुपरमार्केटात आठवड्याला दोन पाळ्या करून हे अनुदान मिळवणारी मुलं बरीच आहेत. पगाराची चिठ्ठी आणि करार जपून ठेवा, डुओ नंतर तपासतं.

खोली

प्रवेशापेक्षा खोली मिळवणं कठीण आहे, हे मी अजिबात वाढवून सांगत नाही. विद्यार्थ्यांच्या खोल्यांचा तुटवडा इतका आहे की खोली ठरली नसेल तर येऊच नका, असं विद्यापीठं स्वतःच सांगतात. सशर्त प्रवेशाचा मेल आला त्याच दिवशी शोध सुरू करा. डेल्फ्ट, लायडन, अ‍ॅमस्टरडॅमकडे डुवो, उट्रेख्तकडे एसएसएच या विद्यार्थी-गृहसंस्था आहेत. रूम डॉट एनएल आणि कामरनेट या साइट्स आहेत. विद्यापीठ पहिल्या वर्षाच्या परदेशी मुलांसाठी काही खोल्या राखून ठेवतं; त्यांचा अर्ज वेगळा असतो आणि जो आधी भरेल त्याला मिळतात.

सामायिक घरांत हॉस्पिटेरन नावाचा प्रकार चालतो. घरातली मुलं दहा-बारा इच्छुकांना चहा-बिअरला बोलावतात आणि मग आपल्यात कोण हवं ते मतदानाने ठरवतात. आपली लाजरी पोरं इथे मागे पडतात. गोव्याहून व्हिडिओ कॉलवर भाग घ्यायचा असेल तर आधी स्वतःबद्दल चार ओळी पाठवा: काय शिकणार, काय शिजवता येतं, रात्री किती वाजता झोपता. शिजवता येतं हे नक्की लिहा, त्याची किंमत आहे.

फसवणूक भरपूर आहे. घरमालक 'सध्या परदेशात' असतो, चावी कुरिअरने पाठवणार असतो आणि आधी दोन महिन्यांचं भाडं मागतो. खोली स्वतः किंवा ओळखीच्या माणसाने पाहिल्याशिवाय एक युरो पाठवू नका. जुलै २०२३ पासून कायद्याने अनामत जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी. आणि प्रत्येक मालकाला पहिला प्रश्न हा विचारा: या पत्त्यावर नगरपालिकेत नोंदणी करता येईल का? उत्तर 'नाही' असेल तर खोली कितीही छान असो, सोडून द्या. का, ते पुढे येतंच.

पोचल्यावर

चार महिन्यांहून जास्त राहणाऱ्याने आल्यापासून पाच दिवसांत नगरपालिकेत, म्हणजे खमेंटेत, नोंदणीसाठी जायचं असतं. ऑगस्टमध्ये अपॉइंटमेंट मिळत नाहीत, म्हणून निघण्याआधीच ऑनलाइन घ्या. पासपोर्ट, भाड्याचा करार आणि तो बहुभाषिक जन्मदाखला सोबत. नोंदणी झाली की बीएसएन, म्हणजे सरकारी नागरिक-क्रमांक, मिळतो. त्याच्याशिवाय नोकरी नाही, डिजिडी नाही, डुओ नाही, बँक खातंही रखडतं. नोंदणी न होणाऱ्या खोलीला नाही म्हणायचं ते यासाठी.

आता विमा. युरोपियन हेल्थ कार्ड पासपोर्टवर मिळत नाही. ज्या देशात तुमचा आरोग्य विमा आहे तो देश ते देतो. पोर्तुगालमध्ये कधीच न राहिलेल्या मुलाचा तिथे विमा नाही, म्हणून कार्डही नाही. त्याने निघताना विद्यार्थ्यांसाठीचा खासगी विमा घ्यायचा. स्विंडनहून येणाऱ्याने ब्रिटनच्या जीएचआयसी आरोग्य कार्डाचं तिथेच विचारून घ्यावं.

पण पगाराची नोकरी लागली, मग ती आठवड्याला एक संध्याकाळ पिझ्झा पोचवण्याची का असेना, की डच मूळ विमा घेणं बंधनकारक होतं. महिन्याला साधारण दीडशे युरोंच्या पुढे. कमी उत्पन्नावर त्यातला बराच भाग झोर्खतुस्लाख या सरकारी भत्त्यातून परत मिळतो. तो आपोआप येत नाही, अर्ज करावा लागतो. नोकरी नसतानाही सीएके या संस्थेचं 'तुम्ही विमा घेतलेला नाही' असं डचमधलं पत्र येऊ शकतं. ते कचऱ्यात टाकू नका आणि घाबरून नको तो विमाही घेऊ नका. एसव्हीबी या सामाजिक विमा संस्थेकडून तपासणी करून 'मी फक्त शिकायला आलोय' असा त्यांचा निर्णय मिळवायचा आणि तो मुदतीत कळवायचा. विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कक्षाला हे पत्र तोंडपाठ आहे, त्यांच्याकडे घेऊन जा.

पहिलं वर्ष

इथे गुण दहापैकी. साडेपाचला पास, सातला चांगलं, आठला घरी फोन करून सांगण्यासारखं. दहा सहसा कोणालाच मिळत नाहीत. बारावीला नव्वद टक्के असलेल्या पोराला पहिल्या सत्रात ६.२ पडले म्हणून आईवडिलांनी रात्र जागवू नये.

काळजी करायची ती बीएसएची, म्हणजे पहिल्या वर्षाच्या बंधनकारक अभ्यास-निर्णयाची. वर्षाचे ६० क्रेडिट; त्यातले ठरावीक, बहुतेक ठिकाणी चाळीसच्या पुढे, पहिल्याच वर्षात मिळवावे लागतात. नाही मिळाले तर त्या विद्यापीठात तो अभ्यासक्रम पुढे चालू ठेवता येत नाही. आजारपण किंवा घरातलं संकट असेल तर सूट मिळू शकते, पण ते घडतं त्या वेळी अभ्यास-सल्लागाराला सांगितलेलं असलं पाहिजे, जूनमध्ये नाही. आपल्या मुलांना सरांकडे जाऊन अडचण सांगायची सवय नसते. इथे ते काम समजलं जातं, तक्रार नाही.

दर वर्षी स्टुडीलिंकवर पुन्हा नावनोंदणी करावी लागते, ती ३१ ऑगस्टच्या आत. आणि शिक्षण मधेच सोडायचं ठरलं तर नुसतं वर्गात जाणं थांबवून भागत नाही: स्टुडीलिंकवर नाव काढल्याशिवाय फीचे हप्ते कापले जात राहतात, आणि देश सोडताना खमेंटेतूनही नाव काढावं लागतं. विमा आणि भत्ता घेत असाल तर तेही त्याच आठवड्यात बंद करा. नाहीतर घेतलेला भत्ता परत मागणारं पत्र गोव्याच्या पत्त्यावर येतं.